पट्टा, पास आणि काटा

(दृश्य: मुरार, मॉल रोड. सकाळची रहदारी.)

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातून मुरारला आलात की मॉल रोडवर केंद्रीय नारकोटिक्स ब्यूरोची कचेरी लागते. देशात अफू कोणी पेरायची आणि किती, याचा कारभार इथून चालतो. 1960 साली हे मुख्यालय शिमल्याहून ग्वाल्हेरला आलं.

अफूशी या गावाचं नातं मात्र फार जुनं. मंदसौर, नीमच, उज्जैन हा सगळा शिंद्यांचा मुलूख. लष्करातल्या मराठी घरांतून आजोबा-पणजोबांची मंदसौरकडची नोकरी अजून कौतुकाने सांगतात. तिथल्या वसुलीत अफूचा वाटा किती, हे कोणी काढत नाही.

1818 नंतर माळव्यावर कंपनीचा वचक बसला. बंगालची अफू कंपनीच्या मक्त्याची, म्हणून माळव्याची ठरली चोरटी. ती पाली, जैसलमेर, कराची करत पोर्तुगिजांच्या दमणला आणि तिथून चीनला जायची. अडवता येईना, तेव्हा कंपनीने पास काढला: पैसे भरा आणि मुंबईहून खुशाल न्या. 1843 मध्ये सिंध घेतला, कराचीची वाट बुजली. पेटीमागे 125 रुपयांचा पास 1847 पर्यंत 400 वर गेला. पेटी तीच, सावकारही तेच. चीनमध्ये अफू आणायला बंदीच होती, म्हणजे परक्या मुलखातल्या तस्करीवर कंपनी राजरोस पट्टी घेत होती!

(दृश्य: खसखशीचं शेत. बोंडावर चीर.)

आज पासाच्या जागी पट्टा आहे, म्हणजे अफू पिकवण्याचा सरकारी परवाना. बोंडाला चीर द्यायची, दुसऱ्या दिवशी सकाळी चीक खरवडून घ्यायचा. एप्रिलच्या सुमारास तो सरकारी वजनकाट्यावर जातो. अधिकारी बोटांनी घट्टपणा पाहतो, प्रतीचा शेरा मारतो. माल कमी भरला किंवा भेसळीचा ठरला, तर पुढचा पट्टा धोक्यात. त्यात सरकारी भाव आणि चोरबाजारातला भाव यांत जमीन-अस्मानाचा फरक. पैसे उकळणाऱ्या टोळीला अशा ठिकाणी बंदूक लागत नाही, एक शेरा पुरतो.

जुलै 2021 मध्ये राजस्थानच्या लाचलुचपत खात्याने कोटा शहरात गाझीपूरच्या सरकारी अफू कारखान्याच्या प्रमुखाची गाडी अडवली. नीमचच्या कारखान्याचा भारही त्याच्याकडेच. गाडीत 16 लाखांवर रोकड निघाली. चांगल्या प्रतीचा शेरा मिळावा म्हणून शेतकऱ्यांकडून गोळा केलेला हा पैसा, असा आरोप आहे.

दुसरीकडे '8/29', म्हणजे एनडीपीएस या अमली पदार्थांच्या कायद्यातलं कटाचं कलम. डोडाचुऱ्याचा, म्हणजे खसखशीच्या सुक्या बोंडांच्या चुऱ्याचा, ट्रक सापडतो, ड्रायव्हर कोणाचं तरी नाव घेतो, आणि ते नाव वगळायचेही पैसे मागतात, ही मंदसौर-नीमचकडची जुनी तक्रार. निवडणूक आली की पट्टे वाढवण्याची भाषणं होतात. 8/29 चाही विषय निघतो, मतदान उरकेपर्यंत.