घाटातला खेकडा

दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात विजेवर चालणारं एक जुनं इंजिन उभं आहे. नाव 'सर लेस्ली विल्सन'. मुंबईच्या गव्हर्नरांचं. साहेबांचं नाव पाटीवर राहिलं. घाटात काम करणारी माणसं या जातीच्या इंजिनाला सरळ 'खेकडा' म्हणायची.

1925 साली व्हीटी ते कुर्ला विजेची गाडी धावली आणि 1929 मध्ये तारा बोरघाट चढून पुण्याला पोचल्या. घाटाचा चढ 37 फुटांना 1 फूट. त्यावर मालगाडी ओढायला ताकद हवी, वळणावर वाकणारं अंगही हवं. आल्प्समध्ये अशी इंजिनं आधीच चालत होती. जीआयपी रेल्वेने, म्हणजे आजच्या मध्य रेल्वेच्या जागी तेव्हा असलेल्या कंपनीने, तसलीच 41 घेतली. पहिली 10 स्वित्झर्लंडच्या विंटरथुरची, उरलेली इंग्लंडची.

आता जरा खाली बघा, चाकांकडे. मधे केबिन, दोन्ही बाजूंना लांब नाकाडं. ही नाकाडं खालच्या चाकांबरोबर वळतात. मोटारी चाकांच्या आसावर नाहीत, वर नाकाडात आहेत. मोटर दातेरी चाक फिरवते, ते एक आडवा आस फिरवतं, आणि त्या आसाला जोडलेले हे मनगटाहून जाड दांडे सहाही आसांना ओढतात. वीज आली, पण चाल अजून वाफेच्या इंजिनाचीच! जोर कुठून निघाला, कुठे पोचला, हे फलाटावरच्या पोरालाही दिसायचं.

खरं सांगायचं तर ही रचना टिकण्यासारखी नव्हती. दांडे जड, झीज फार, वेगाला मर्यादा. पुढे प्रत्येक आसाला स्वतःची मोटर मिळाली, दांडे गेले. हिशेबाने बरोबरच झालं.

पण एक गोष्ट तेव्हाच साधली होती. घाट उतरताना याच्या मोटारी जनित्राचं काम करायच्या. गाडीला आवर बसायचा आणि तयार झालेली वीज तारेत परत जायची, समोरून चढणाऱ्या गाडीच्या कामी. शंभर वर्षांपूर्वीची ही काटकसर!

कर्जतला आजही गाड्यांच्या मागे बँकर इंजिनं, म्हणजे घाट चढताना मागून रेटणारी इंजिनं, लागतात. ताकद खेकड्याच्या दुपटीच्या आसपास. डब्यातली माणसं खिडकीतून वडे घेत असतात. मागे इंजिन लागल्याचा हलका धक्का बसतो तेवढाच. वळून बघावं असं बाहेर काही हलत नाही.