चित्रातल्या प्राण्याच्या मनात काय आहे?

नमस्कार श्रोतेहो. वन्यप्राण्याच्या चित्रासमोर उभं राहिलं की आपण पटकन म्हणतो, 'किती उदास डोळे!' किंवा 'काय रुबाब आहे!' मला वाटतं, ही उदासी, हा रुबाब बहुतेकदा प्राण्याच्या चेहऱ्यावर नसतोच. चित्रकारानं त्याला कुठं उभं केलं, आपल्याला कुठून बघायला लावलं, यातून तो आलेला असतो.

एडविन लँडसीअरनं १८५१ च्या सुमारास रंगवलेलं 'मोनार्क ऑफ द ग्लेन' आठवा. स्कॉटलंडच्या डोंगरातलं नर हरीण, शिंगांना १२ टोकं, मागे धुकं. आपण त्याच्याकडे खालून वर बघतो आणि ते आपल्याला ओलांडून दूर बघतं. झाला राजा! पण रानात हरीण अशी मान उंचावतं ते धोक्याचा कानोसा घ्यायला. आपण ज्याला अभिमान म्हणतो, तो त्याचा सावधपणा असू शकतो. चिंपांझीनं दात विचकले की आपल्याला हसू दिसतं. पुष्कळदा ती भीती असते.

आता दोन झेब्रे बघू. जहांगीर बादशहाच्या दरबारातल्या उस्ताद मन्सूरनं १६२१ मध्ये झेब्रा रंगवला. मागे देखावा नाही, सगळं लक्ष पट्ट्यांवर. हे पट्टे कुणी रंगवले तर नाहीत ना, अशी तेव्हा लोकांना शंका आली होती, असं जहांगीरनंच लिहून ठेवलंय. त्या चित्रात मला निखळ कुतूहल दिसतं. जॉर्ज स्टब्सनं १७६३ मध्ये इंग्लंडच्या राणीचा झेब्रा रंगवला. प्राणी आफ्रिकेतला आणि मागे इंग्लंडची गर्द झाडी! त्याचा चेहरा निर्विकार आहे, तरी ते चित्र मला विलक्षण एकाकी वाटतं. ते एकाकीपण झाडीनं आणलंय. स्टब्सच्या मनात ते होतं, असा दावा मी करणार नाही.

प्रतीकांचं तर फारच जपून. कॅरल फॅब्रिशियसचं १६५४ चं 'गोल्डफिंच' म्हणजे भिंतीवरच्या दाण्याच्या पेटीवर बसलेला इवलासा पक्षी. युरोपच्या धार्मिक चित्रांत हा पक्षी ख्रिस्ताच्या यातनांचं प्रतीक मानला जाई. तो अर्थ ठाऊक असलेला बरा, पण इथं मी आधी त्याच्या पायातली बारीक साखळी बघेन. पक्षी जवळपास खऱ्या आकाराचा रंगवलाय, त्यामुळे त्याला किती दूर उडता येईल याचा अंदाज आपल्याला उभ्या जागी येतो. या चित्रातलं दुःख मी तिथं शोधते, डोळ्यांत नाही.