वाटी कुणाची, व्रत कुणाचं

(बडोदा, दांडिया बाजार. उतरती दुपार. लाकडी जिना, अंगणातला नळ. कॅमेरा जमिनीलगत, मांजराच्या उंचीवर.)

आजी अजून सांगते, आमच्या वाड्यातलं मांजर शाकाहारी होतं. सकाळी दूध-पोळी, संध्याकाळी दूध-पोळी. सयाजीराव महाराजांच्या काळात नोकरीसाठी बडोद्याला आलेलं हे घराणं. घरात अंडं शिरलं तेही माझ्या वडिलांच्या पिढीत, स्वतःच्या वेगळ्या पातेल्यासकट. तर मांजरानंसुद्धा घराचं व्रत पाळलं, याचं आजीला कोण कौतुक!

आता हा वाडा नीट बघा. ही धान्याची कोठी. हा माळा, वर जुन्या गाद्या आणि बाडं. हे परसातलं झाड, कबुतरांनी लगडलेलं. आणि समोर कायस्थांचं घर. त्यांच्याकडे मासे आले की मांजर दुपारभर तिकडेच मुक्कामाला. कोठीत उंदीर होते तोवर त्या मांजराचं आमच्या पोळीवाचून काही अडत नव्हतं. दूध-पोळी म्हणजे त्याची जेवणानंतरची मुखशुद्धी. आजीला वाटी दिसायची, माळा दिसायचा नाही.

(गोत्रीकडचा फ्लॅट, सहावा मजला. खिडकीला कबुतरांची जाळी.)

वाडा सुटला. फ्लॅटमध्ये आमच्यासोबत सोनी मांजर आली. इथे उंदीर नाही, पाल क्वचित, समोर कायस्थ नाहीत. वाटी मात्र तीच. दोन-अडीच वर्षांत सोनी स्टुलाला धडकायला लागली. भर उजेडात तिच्या डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्याच्या मोठ्या राहायच्या. डॉक्टरांनी बॅटरी मारून डोळे पाहिले आणि विचारलं, “खायला काय घालता?”

टॉरिन नावाचं एक द्रव्य आहे. माणसाचं शरीर ते स्वतः बनवतं, कुत्र्याचंही बहुधा बनवतं. मांजराला ते पुरेसं बनवता येत नाही, त्याला ते खाण्यातून मिळावं लागतं. उंदरात भरपूर, दुधात नावापुरतं, पोळीत नाहीच. ते कमी पडलं की मांजराच्या डोळ्यातला पडदा झिजतो, हे अमेरिकेतल्या संशोधकांनी १९७५ मध्ये दाखवलं. १९८७ मध्ये हृदयाचं कळलं. टॉरिनअभावी हृदय फुगतं, त्याचे स्नायू दुबळे होतात. आणि ही मांजरं काही दूध-पोळीवरची नव्हती, विकतचं खाणं खाणारी होती! त्यानंतर कंपन्यांनी खाण्यातलं टॉरिन वाढवलं आणि हा आजार मांजरांत खूपच कमी झाला. डोळ्याचं गेलेलं मात्र परत येत नाही. खाणं बदलल्यावर सोनीला जेवढं दिसत होतं तेवढं टिकलं.

मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणतात. आमच्याकडे डोळे मिटले होते ते दूध घालणाऱ्यांनी.

(आजी, पाटावर बसून. हातात जपमाळ, समोर मांजरखाण्याचं पाकीट.)

आजीचा पहिला प्रश्न, “ते टॉरिन मांसातून काढतात का रे?” नाही. १८२७ मध्ये ते प्रथम बैलाच्या पित्तात सापडलं, म्हणून नावही बैलाच्या लॅटिन नावावरून पडलं. आज पाकिटात असतं ते कारखान्यात रसायनांपासून बनवलेलं. हे ऐकून आजीचा चेहरा उजळला. “मग तेवढं दुधात कालवू!”

सूचना रास्त आहे, पण मांजराची गरज टॉरिनपाशी संपत नाही. गाजर-भोपळ्यातल्या रंगद्रव्यापासून आपण अ जीवनसत्त्व बनवतो, मांजराला ते जमत नाही. त्याला ते तयारच लागतं, म्हणजे प्राण्याच्या शरीरातलं. प्राणिज चरबीतलं ॲराकिडोनिक आम्लही तसंच. गोड चव तर त्याला कळतच नाही, २००५ मध्ये ते जनुकांवरून सिद्ध झालं. आजीच्या बासुंदीवर सोनी जीव टाकते तो सायीसाठी, साखरेसाठी नव्हे. हे सगळं वरून मिसळून बनवलेली शाकाहारी मांजरखाणीही बाजारात आली आहेत, आणि त्यांवर पशुवैद्यांत वाद चालू आहे. आमच्या सोनीवर तो प्रयोग मी करणार नाही. डोळे आधीच अर्धे गेलेत.

(रावपुरा. प्राण्यांच्या खाण्याचं दुकान. पाकिटांच्या रांगा.)

मग मांस द्यायचं ठरलं. आता कुठलं?

पाकिटाच्या पुढच्या बाजूला चिकनची तंगडी असते, हिरवी पानं असतात, कधी गाजर. ती बाजू दुकानदारासाठी. आपण मागची वाचायची. घटक वजनाच्या क्रमानं लिहिलेले असतात, सगळ्यात जास्त ते सगळ्यात आधी. पण हे वजन कारखान्यात घालतानाचं, आणि ताज्या चिकनमध्ये बहुतेक पाणीच असतं. म्हणून “चिकन” पहिलं आणि पाठोपाठ मका, तांदूळ, गव्हाचं ग्लूटेन असं दिसलं, तर पाणी उडाल्यावर पहिला नंबर कुणाचा, हे आपणच ओळखायचं.

ओल्या पाउचचं याच्या उलट. त्यावर प्रथिनं ८ टक्के लिहिलेली पाहून माझी आत्या म्हणाली, “हे तर फसवतायत!” कोरड्या पाकिटावर ३० होती ना. पण पाउचमध्ये पाणी ८० टक्के. पाणी वगळलं तर उरलेल्या २० भागांत ८, म्हणजे ४० टक्के. कोरड्या दाण्यांत पाणी १० टक्के धरलं तर ९० भागांत ३०, म्हणजे तेहतीसच. शिवाय मांजराची जात मुळात वाळवंटातली, तहान कमी. बडोद्याच्या मे महिन्यात नुसत्या कोरड्या दाण्यांवरच्या बोक्याची लघवी तुंबली की धावाधाव होते. पाणी खाण्यातूनच गेलेलं बरं.

(चिकनचं दुकान. ठोकळा, सुरा. चेहरे दाखवायचे नाहीत.)

घटकांमधल्या “बाय-प्रॉडक्ट” या शब्दाला लोक नाक मुरडतात. कलेजी, हृदय, फुप्फुस, म्हणजे माणसांच्या ताटातून उरलेलं. माझं मत उलट आहे. कोंबडी माणसासाठी आधीच कापली गेली आहे. तिचं हृदय आणि कलेजी कचऱ्यात जाण्यापेक्षा सोनीच्या वाटीत गेली, तर तिच्यासाठी वेगळा जीव घेतला जात नाही. आणि टॉरिन हृदयात उत्तम असतं, छातीच्या पांढऱ्या मांसात सगळ्यात कमी. “माणसांना चालेल असं मांस” अशी जाहिरात करणारं महागडं पाकीट सोनीच्या तब्येतीसाठी काही वेगळं करत नाही, फक्त आणखी एक कोंबडी मोजतं.

घरी शिजवायचं तर दोन-तीन गोष्टी. उकळताना टॉरिन पाण्यात उतरतं, ते पाणी फेकायचं नाही. कलेजी थोडीच, रोजची झाली तर अ जीवनसत्त्व साठून मानेची हाडं जखडतात. आणि हाडांशिवायच्या नुसत्या मांसात कॅल्शियम जवळपास नसतं, पिल्लांची हाडं मऊ पडतात. म्हणून आम्ही घरचं अधूनमधून, रोजचं पाउच.

आजीनं मध्ये तडजोड सुचवली होती, अंडं. निदान जीव जात नाही. मला सांगताना जड गेलं. पिंजऱ्यातल्या अंड्याच्या कोंबडीला ए-फोर कागदाएवढी जागा मिळते, बऱ्याचदा त्याहूनही कमी. आणि त्या जातीची नर पिल्लं अंडी देत नाहीत, मांसासाठीही परवडत नाहीत, त्यामुळे जन्मल्या दिवशीच मारली जातात. आजी बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “मग तुझी कलेजीच बरी.”

(पाउच जवळून. मागची बारीक अक्षरं.)

मासे आणखी अवघड. आपल्या दुकानांत मांजरांचे माशांचे पाउच थायलंडमध्ये बनलेले सर्रास मिळतात. २०१५ मध्ये वृत्तपत्रांच्या शोधमोहिमांनी दाखवलं की तिथल्या काही बोटींवर म्यानमार आणि कंबोडियाच्या माणसांना डांबून, मारझोड करून राबवलं जात होतं, आणि त्यांनी पकडलेले बारके मासे कुत्र्या-मांजरांच्या खाण्यापर्यंत पोहोचत होते. त्याच वर्षी युरोपीय संघानं बेकायदा मासेमारीबद्दल थायलंडला ताकीद दिली, ती २०१९ मध्ये मागे घेतली. लांब कशाला, आपल्या गुजरातच्या वेरावळ बंदरातल्या ट्रॉलरच्या जाळ्यातही अजून न वाढलेले मासे येतात आणि फिशमीलच्या, म्हणजे माशांच्या भुकटीच्या कारखान्यांत जातात. पाकिटावर माशाची जात लिहिली असेल, ट्यूना किंवा सार्डिन, तर निदान विचारायला जागा राहते. नुसतं “ओशन फिश” लिहिलं असेल तर मी पाकीट परत ठेवतो.

(गल्लीचं टोक. भटका कुत्रा, शेपूट हलवत.)

कुत्र्याचं सोपं. माणसाच्या उकिरड्यावर राहून तो पिष्ट पचवायला शिकला. लांडग्यात त्या कामाच्या जनुकाच्या २ प्रती, कुत्र्यांत त्याहून कितीतरी जास्त, हे २०१३ मध्ये समोर आलं. नीट आखलेल्या शाकाहारी आहारावर कुत्रा जगू शकतो, फक्त तो पशुवैद्यानं आखलेला हवा. नुसती पोळी म्हणजे आहार नव्हे. “धान्यविरहित” असं लिहिलेल्या पाकिटांचीही हवा आहे. त्यांत धान्याऐवजी वाटाणे, मसूर ठासतात. अशा खाण्यांचा कुत्र्यांच्या हृदयविकाराशी संबंध आहे का, याची चौकशी अमेरिकेच्या अन्न-औषध प्रशासनानं २०१८ मध्ये सुरू केली होती.

आमच्या गल्लीत कुत्री व्यायली की मुलं घरोघर वर्गणी मागायची, त्यातून तिच्यासाठी शिरा व्हायचा. गुजरातेतली ही रीत मला फार आवडते. फक्त त्या शिऱ्यात मनुका नकोत. द्राक्ष-मनुकांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. आणि कांदा-लसूण, जे आमच्याकडे चातुर्मासापुरतं वर्ज्य, ते कुत्र्या-मांजरांना बारमाही वर्ज्य. त्यानं त्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. आजीला हा नियम मनापासून पटला.

(गॅलरी. संध्याकाळ. वेगळी वाटी, वेगळी कात्री, कात्रीला लाल दोरा.)

पाउच आजीच कापते. वाटी ठेवताना अजून तोंड फिरवते, मग हात धुते, मग दिवा लावते. पण नवं पाकीट आलं की चष्मा माझ्या हातात देऊन मागचं सगळं मोठ्यानं वाचायला लावते. परवा आत्यानं कौतुकानं एक आणलं. मी वाचलं, ओशन फिश, तांदूळ, खनिजं.

“थांब,” आजी म्हणाली. “त्या माशाला नाव नाही का रे?”