ओढत होते का?

श्रोतेहो, नमस्कार.

माझ्या आईला फुप्फुसाचा कॅन्सर झाल्याचं कळलं, तेव्हा घरी येणारं प्रत्येक माणूस दारात चपला काढता काढता आवाज खाली आणून विचारायचं, "पण तुमच्याकडे कुणी ओढतं का?"

माझं उत्तर तयार असायचं. "नाही हो! आईनं जन्मात विडीला हात लावला नाही. बाबांना सुपारीचंसुद्धा व्यसन नाही." हे सांगताना माझा आवाज चढायचा.

खोटं काहीच नव्हतं. तिचं अर्धं आयुष्य सातारा जिल्ह्यातल्या एका गावात, धुराडं नसलेल्या स्वयंपाकघरात, ओल्या जळणावर फुंकणी फुंकण्यात गेलं. चुलीच्या धुरानं, अ‍ॅस्बेस्टॉसच्या तंतूंनीही हा आजार होऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं 2013 साली बाहेरची प्रदूषित हवाही कॅन्सरच्या निश्चित कारणांमध्ये धरली. आपल्या देशात कधीच धूम्रपान न केलेले रुग्ण, त्यातही बायका, खूप आहेत.

एकदा वॉर्डात मी हेच एका मावशींना सांगत होते. शेजारच्या खाटेवर एक काका होते, मार्केट यार्डात पोती वाहण्यात जन्म गेलेले. माझं बोलणं ऐकून त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. संध्याकाळी आई म्हणाली, "तू मला सोडवतेस गं, पण त्यांना फासावर चढवून."

ते वाक्य माझ्या मनातून आजही जात नाही.

काकांना विडी लागली ती तेराव्या वर्षी, हमालांच्या टोळीत. दोन खेपांच्या मधे टेकायला मिळायचं ते विडीच्या निमित्तानं. निकोटीन एकदा अंगात भिनलं की सुटता सुटत नाही, हे विकणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं. पण जाब विचारला जातो तो ओढणाऱ्याला. काकांच्या मुलानं गावी सांगितलं होतं, वडिलांना टीबी झालाय. ज्या टीबीचं नाव एके काळी घरोघरी लपवलं जायचं, त्याच्याच आडोशाला आता हा आजार लपत होता. भेटायला फारसं कुणी येत नसे. हार्ट अटॅक आलेल्या माणसाकडे आपण तेला-तुपाचा हिशेब मागतो का? डॉक्टर विचारतात ते उपचारासाठी. आपण कशासाठी विचारतो?

2022 साली जगभरात या आजारानं सुमारे 18 लाख माणसं गेली. स्तनाच्या आणि मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचे मृत्यू एकत्र केले तरी ते याहून कमी भरतात. तरी स्तनाच्या कॅन्सरची गुलाबी फीत सगळ्यांना माहीत आहे. नोव्हेंबर महिना आणि पांढरी फीत फुप्फुसाच्या कॅन्सरसाठी आहे, हे किती जणांना ठाऊक असेल? स्तनाच्या कॅन्सरबद्दलही पूर्वी कुजबुजच चालायची. बायका पुढे येऊन बोलल्या, म्हणून ती थांबली. इथे बोलणार कोण? आजार बहुतेकदा उशिरा कळतो, त्यामुळे वाचलेली माणसं थोडी. जी वाचतात त्यांना शरमेनं गप्प बसवलेलं असतं. नातेवाईकही माझ्यासारखे, आपल्या माणसाची सफाई देण्यात गुंतलेले. मग मोर्चा निघत नाही, निधीसाठी कुणी भांडत नाही.

आणि त्या शरमेपायी माणसं दवाखान्यातही उशिरा जातात. आईचे कितीतरी महिने टीबीच्या गोळ्या घेण्यातच गेले. खोकला तीन आठवड्यांहून जास्त टिकला, बेडक्यात रक्त दिसलं, वजन उतरू लागलं, तर लगेच दाखवा. टीबीचे उपचार सुरू असून उतार पडत नसेल, तर सीटी स्कॅन आणि बायोप्सी, म्हणजे गाठीचा तुकडा काढून केलेली तपासणी, याबद्दल डॉक्टरांना स्वतःहून विचारा. संकोच करू नका. गाठीतल्या जनुकांची तपासणी करून आता काही रुग्णांना नेमक्या गोळ्या देता येतात, आणि आजार पसरलेला असला तरी त्यांना आयुष्याची चांगली वर्षं मिळतात. विडी ओढलेल्यांनीही ही तपासणी मागावी. ती त्यांच्यासाठीही आहे.

आई जाऊन आता पाच वर्षं झाली. कशानं गेल्या, असं कुणी विचारलं तर मी सांगते, "फुप्फुसाच्या कॅन्सरनं." समोरचं माणूस क्षणभर थांबतं, पुढच्या वाक्याची वाट बघतं.

ते वाक्य मी आता म्हणत नाही.

नमस्कार.