लाकडावरचे नारिंगी थेंब

पाऊस नुकताच थांबलाय. या जुन्या ओंडक्याची साल केव्हाच गळून गेली आहे आणि उघड्या लाकडावर नारिंगी ठिपके उठलेत. पाहणाऱ्याला वाटावं, डिंक पाझरलाय. पण हलकेच बोट लावा. डिंक बोटाला चिकटतो. हा ठिपका मात्र गार, थुलथुलीत लागतो.

ही बुरशी आहे, डॅक्रिमायसिस स्टिलॅटस. ग्रीक भाषेत ‘डाक्रू’ म्हणजे अश्रू आणि लॅटिनमध्ये ‘स्टिलॅटस’ म्हणजे ठिबकलेला. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ नेस फॉन एझेनबेक यांनी १८१६ मध्ये तिचं हे नाव ठेवलं. किती नेमकं नाव!

ठिपका जेमतेम काही मिलिमीटरचा. बुरशीचा बाकी पसारा लाकडाच्या आत, बारीक तंतूंचा. हे तंतू सेल्युलोज, म्हणजे लाकडाचे धागे ज्याचे बनतात ते द्रव्य, खातात आणि त्या धाग्यांना घट्ट धरून ठेवणारं तपकिरी लिग्निन बहुतेक तसंच सोडतात. म्हणून लाकूड तपकिरी पडतं, ठिसूळ होतं आणि तडे जाऊन त्याचे चौकोनी तुकडे पडतात.

आता ऊन वाढू द्या. ठिपक्यातलं पाणी आटत जातं, उरतो एक पातळ पापुद्रा. शोधूनही सापडत नाही. संपलं सगळं, असंच वाटतं. आणि पुढची सर येते. पापुद्रा पाणी पितो, फुगतो, पुन्हा तोच टपोरा थेंब! मला तर दर वेळी पाहताना नवल वाटतं.

जवळून पाहिलं तर रंगही दोन दिसतील. गडद नारिंगी ठिपक्यांत तंतूंचेच तुकडे पडतात आणि त्या तुकड्यांतून नवी बुरशी रुजते. फिकट पिवळसर ठिपक्यांत मात्र बीजाणू, म्हणजे बुरशीचे बियांसारखे सूक्ष्म कण, तयार होतात.

अशा पिवळसर ठिपक्याचाच एक तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवू. बेचक्यासारख्या दुफाट्याच्या पेशी दाटीनं उभ्या आहेत. प्रत्येक टोकावर एकेक बीजाणू. त्याच्या बुडाशी हवेतल्या ओलाव्यातून पाण्याचा इवलासा थेंब जमतो. तो वाढत जातो आणि बीजाणूच्या अंगावरच्या ओल्या थराला टेकताक्षणी त्यात मिसळून जातो. त्या झटक्यासरशी बीजाणू टोकावरून सुटतो. डोळ्यांना दिसूही नये इतकी छोटी ही उडी, पण तेवढ्यानं तो वाऱ्यावर जातो.

ओंडक्यावर पुन्हा ऊन आलंय. ठिपक्यांच्या कडा सुरकुतू लागल्यात.