काचबिंदूची शस्त्रक्रिया आणि तक्त्यातला ‘वंश’ नावाचा रकाना

कुठलंही ऑपरेशन झालं की जखम लवकर भरून यावी असं सगळ्यांनाच वाटतं. काचबिंदूचा सर्जन मात्र उलटं मागणं मागतो: मी केलेली वाट बुजू नये. 1968 पासून चालत आलेली ट्रॅबेक्युलेक्टमी म्हणजे डोळ्याच्या पांढऱ्या भागात केलेली एक छोटी झडप. तिच्यातून आतलं पाणी वरच्या पातळ आवरणाखाली झिरपतं आणि पापणीआड एक फुगवटा येतो, त्याला आम्ही ब्लेब म्हणतो. तो टिकला तर नजर पोखरणारा डोळ्यातला दाब खाली राहतो. शरीराला हे राजकारण कळत नाही. ते जखम समजून भरायला घेतं, आणि व्रण धरला की वाट बंद.

कृष्णवर्णीय रुग्णांमध्ये ही शस्त्रक्रिया जास्त वेळा फसते, असं आम्हाला शिकवलं गेलं. त्याला आधार नाही असं मी म्हणणार नाही. पण आधार नेमका कशाचा आहे, ते बघू या.

अमेरिकेत 1988 पासून ‘ॲडव्हान्स्ड ग्लॉकोमा इंटरव्हेन्शन स्टडी’साठी रुग्ण घेतले गेले. एकूण 591 रुग्ण, 789 डोळे, सगळे औषधांना न जुमानणारे. काही डोळ्यांवर आधी आर्गॉन लेसर (पाण्याच्या नैसर्गिक निचऱ्याची वाट मोकळी करणारा) आणि तो अपुरा पडला तर ट्रॅबेक्युलेक्टमी, बाकीच्यांवर आधी ट्रॅबेक्युलेक्टमी. कुणाच्या वाट्याला काय, हे यदृच्छेने ठरलं. सात वर्षांचे निष्कर्ष 1998 मध्ये आले. शस्त्रक्रिया आधी केलेल्या डोळ्यांत दाब जास्त उतरला, आणि हे दोन्ही वंशगटांत खरं होतं. नजरेचा हिशेब मात्र वेगळा निघाला. कृष्णवर्णीयांची नजर लेसर आधी केलेल्या गटात जास्त टिकली, तर श्वेतवर्णीयांची, पुढच्या वर्षांत, शस्त्रक्रिया आधी केलेल्या गटात. म्हणजे दाब जिथे जास्त उतरला तिथेच नजर जास्त वाचली, असं सरसकट झालं नाही. माझ्या मते त्या अभ्यासातली सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट हीच आहे, आणि तिच्याकडे म्हणावं तसं लक्ष गेलं नाही.

वंशाच्या रकान्यात काय काय कोंबलेलं असतं? थोडं जीवशास्त्र आहेच. आफ्रिकी वंशाच्या रुग्णांच्या डोळ्यावरच्या आवरणात व्रण घडवणाऱ्या पेशी जास्त आढळल्या आहेत. पण त्यांना काचबिंदू तुलनेने कमी वयात गाठतो, आणि तरुण ऊतक कुणाचंही असो, ते जोमाने भरतं. शिवाय वर्षानुवर्षं थेंब घातलेला डोळा त्यातल्या संरक्षक रसायनाने आधीच सुजलेला असतो.

मोजपट्टीचंही तसंच. अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात आफ्रिकी-अमेरिकनांच्या पारपटलाची, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याची, सरासरी जाडी सुमारे 556 मायक्रॉन भरली, श्वेतवर्णीयांची 579. पातळ पारपटलावर मोजलेला दाब खऱ्यापेक्षा कमी दिसतो. मग ‘दाब 18 मिमी पाऱ्याच्या खाली म्हणजे यश’ हा निकष दोन्ही गटांना सारखा लागतो का?

शस्त्रक्रियेनंतरचे आठवडे तर सगळ्यांत महत्त्वाचे. दाब वाढतोय असं दिसलं की लेसरने झडपेचा एखादा टाका तोडायचा, ब्लेब सपाट होऊ लागला की सुईने व्रण सोडवायचा, व्रण रोखणाऱ्या 5-फ्लुओरोयुरॅसिलचं इंजेक्शन द्यायचं. ऑपरेशनच्या वेळी मायटोमायसिन हे तशाच कामाचं औषध लावलं तरी हे चुकत नाही. यासाठी रुग्णाला वारंवार यावं लागतं. ज्याला कामावरून सुटी मिळत नाही किंवा ज्याचा विमा नाही, त्याची एखादी खेप हुकली की तो टाका तोडायचा राहतो. पुढे तक्त्यात त्याच्या नावासमोर ‘अपयश’ लागतं आणि शेजारच्या रकान्यात त्याचा वंश लिहिलेला असतोच.

पूर्व आशियात प्रश्नच निराळा. तिथे डोळ्यातलं पाणी निचरण्याचा कोन बंद होणारा काचबिंदू अधिक. 2016 च्या ‘ईगल’ चाचणीत अशा काही रुग्णांचं, मोतीबिंदू नसतानाही, भिंग काढणं हे लेसरने बुबुळाला छिद्र पाडण्यापेक्षा सरस ठरलं.

आर्गॉनची जागा आता सिलेक्टिव्ह लेसरने घेतली आहे. टांझानियात किलिमांजारो भागात त्याची टिमोलॉलच्या, म्हणजे दाब उतरवणाऱ्या औषधाच्या, थेंबांशी तुलना झाली: वर्षअखेर लेसरचे 61 टक्के डोळे यशस्वी, थेंबांचे 31 टक्के. तिथे तुलनेला श्वेतवर्णीय गट नव्हताच. समोर बसलेल्या रुग्णाला थेंब लिहून द्यायचे की लेसरला बसवायचं, एवढंच विचारलं होतं.