रात्री टाइप करा, घर झोपू द्या: सायलेंट स्विचचा छोटा कीबोर्ड, खोक्यापासून जोडणीपर्यंत

नमस्कार मंडळी, कोल्हापुरातनं. टेबलावर 68 बटणांच्या मेकॅनिकल कीबोर्डचं किट आहे आणि शेजारच्या डबीत सायलेंट स्विच, म्हणजे बटणांखाली बसणारे कमी आवाजाचे खटके. हे सगळं आमच्या वहिनींचं. लग्नपत्रिका, संस्थांचे अहवाल असलं मराठी डीटीपीचं काम त्या घरी घेतात, आणि काम चालतं रात्री, लहानगं झोपल्यावर, त्याच खोलीत. मंगळवार पेठेतली जुनी घरं तुम्हाला माहीत आहेत, दुसरी खोली म्हणजे स्वयंपाकघर. त्यात वहिनी शिकल्या टाइपरायटरवर. बटण तळाला आपटल्याशिवाय अक्षर उमटलं यावर त्यांचा विश्वासच नाही.

आधीच सांगतो, सायलेंट स्विच घातले की कीबोर्ड आपोआप गप्प होतो, हे डोक्यातनं काढा. बाकीचा खडखडाट स्पेसबार आणि पोकळ केस, म्हणजे कीबोर्डचा बाहेरचा सांगाडा, करतात. त्याचा बंदोबस्त जोडतानाच करावा लागतो.

(खोका उघडतो)

केस, पीसीबी म्हणजे सर्किटचा बोर्ड, स्विच धरून ठेवणारी प्लेट, फोमचे दोन तुकडे, स्टॅबिलायझरची पिशवी, केबल, स्विच उपसायचा पुलर. झालं. खोक्याचं कौतुक करत बसत नाही.

68 बटणांचाच का घेतला? पूर्ण कीबोर्ड 104 बटणांचा. आकड्यांचा कप्पा काढला की 87. त्याहून छोटा 61 चा, पण त्यात बाणांची वेगळी बटणं नसतात, आणि प्रूफ दुरुस्त करताना बाण नसले की लई वैताग होतो. शिवाय आपल्या मराठीवाल्यांचा एक वेगळाच प्रश्न आहे. इनस्क्रिप्ट या मराठी टाइपिंगच्या मांडणीत आपली अक्षरं ए ते झेडच्या बटणांवर मावत नाहीत. ‘य’ बसतो उजव्या शिफ्टला लागून असलेल्या तिरक्या रेघेवर. ‘च’ अर्धविरामावर, ‘ट’ त्याच्या शेजारी अवतरणचिन्हावर, ‘ड’ चौकटी कंसावर, ‘डॉक्टर’मधला ‘ॉ’ एंटरच्या वरच्या उलट्या रेघेवर. शिफ्ट दाबून क्ष, त्र, ज्ञ, श्र येतात ते आकड्यांच्या रांगेतनं.

काही छोट्या बोर्डांत जागा वाचवायला उजवीकडची अशी बटणं उडवतात, नाहीतर एफएनच्या मागं ढकलतात, म्हणजे एफएन बटण धरून ठेवलं तरच ती चालतात. इंग्रजीत तिरकी रेघ दिवसातनं चारदा लागते, चालून जातं. मराठीत प्रत्येक ‘य’ला दोन बोटं? आणि ज्याला 40 टक्के म्हणतात त्या बोर्डात आकड्यांची रांगच नसते, म्हणजे ‘ज्ञ’ला रामराम. तेव्हा फोटो मोठा करून उजवी बाजू बघा, मगच पैसे भरा. आपला हा 65 टक्केवाला. वरची एफ-वन, एफ-टूची रांग आणि आकड्यांचा कप्पा गेला, पण आकड्यांची रांग, उजवीकडची ही बटणं आणि बाण जागेवर.

आता स्विच. एक उघडून दाखवतो.

(कॅमेरा जवळ)

वरचं झाकण, खाली बैठक, मधे स्प्रिंग आणि हा प्लस आकाराच्या डोक्याचा दांडा. दांड्याच्या दोन्ही बाजूंना काठावर बघा, दुधी रंगाचा मऊ तुकडा दिसतोय? वरही आहे, खालीही आहे. सगळी करामत त्याची. बटण दाबलं की दांडा बैठकीवर आपटतो, सोडलं की वर उसळून झाकणावर आपटतो. आवाज दोनदा होतो, आणि हे तुकडे दोन्ही ठिकाणी गादीचं काम करतात. त्यात थोडी जागा जाते. चेरी कंपनीचा साधा रेड स्विच 4 मिलीमीटर खाली जातो, सायलेंट रेड 3.7. तळाला टेकताना बोटाला किंचित मऊ लागतं. काहींना ते आवडत नाही. मला चालतं.

निळे स्विच सायलेंटमध्ये मागू नका. त्यांची टकटक हा बिघाड नाही, तो मुद्दाम बसवलेला आवाज आहे.

जोडणी. पहिलं काम, काहीही न बसवता पीसीबी केबलनं कॉम्प्युटरला लावा आणि चिमट्यानं प्रत्येक सॉकेटची, म्हणजे स्विच खोचायच्या खाचेची, दोन भोकं जोडा. अक्षर उमटलं की सॉकेट चांगलं. कंटाळवाणं आहे, पण सगळं आवळून झाल्यावर एखादं मेलेलं सॉकेट सापडलं तर पुन्हा सगळं खोलत बसाल.

मग स्टॅबिलायझर. स्पेसबार, एंटर, बॅकस्पेस, डावा शिफ्ट, अशा लांब बटणांखाली ही तार असते, म्हणजे कडेला दाबलं तरी पूर्ण बटण सरळ खाली जातं. खरा खडखडाट हिथं आहे. तार आधी काचेवर ठेवा. दोन्ही पाय टेकले तर ठीक, एक पाय उचललेला दिसला तर बोटानं हळू वाकवून सपाट करा. मग तारेच्या दोन्ही टोकांना, जिथं ती प्लास्टिकच्या आत शिरते तिथं, सिलिकॉनचं घट्ट ग्रीस भरपूर लावा. उद्यमनगरातनं मशिनचं ग्रीस आणून लावू नका, पेट्रोलियमवालं ग्रीस काही जातीच्या प्लास्टिकला खातं. हे स्टॅबिलायझर स्क्रूचे आहेत. पीसीबीवर बसवा, मागनं स्क्रू आवळा, पण जोर काढू नका.

ऐका फरक. ही ग्रीस न लावलेली तार...

(हलवतो)

...आणि ही लावलेली.

(हलवतो)

दुसऱ्या वेळी काही ऐकू आलं नसेल, तर माइक चालू आहे, काळजी नको.

वर फोम, त्यावर प्लेट. आधी चार कोपऱ्यांचे स्विच, म्हणजे प्लेट हलत नाही. स्विच घालताना पाय सरळ आहेत का बघा, आणि दुसरा हात पीसीबीच्या मागं, सॉकेटच्या खाली धरा. वरनं नुसतं रेटलं तर सॉकेट बोर्डावरनं उखडतं आणि मग सोल्डरिंग आलं. एखादं बटण चालत नसेल तर स्विच पुलरनं काढा, बहुतेक वेळा एक तांब्याचा पाय दुमडलेला असतो. चिमट्यानं सरळ करा. आणि डबीतल्या स्विचला पाच पाय असतील आणि तुमच्या पीसीबीत तीनचीच भोकं असतील, तर प्लास्टिकचे दोन बारके पाय नेलकटरनं कापा. धातूच्या पायांना हात लावू नका.

केसच्या तळात दुसरा फोम. केस प्लास्टिकची आणि आतनं पोकळ असेल तर हा तुकडा टाळू नका, नाहीतर आवाज आत घुमतो. किटमध्ये फोम नसला तर पीसीबीच्या पाठीवर कागदी मास्किंग टेपचे दोन थर लावा, फक्त यूएसबीचं तोंड मोकळं सोडा. रंगाच्या दुकानात मिळते. कीकॅप, म्हणजे बटणांच्या वरच्या टोप्या, बसवायला सांगण्यासारखं काही नाही, दाबा की बसतात.

आता वहिनींच्या हातानं टाइप करून बघू.

(वहिनी टाइप करतात)

आवाज शून्य नाही. उशाशी ठेवलात तर ऐकू येईल. पण धप् असा बुटका आवाज आहे, कानात घुसणारी टकटक नाही. टेबल पत्र्याचं किंवा पातळ प्लायचं असेल तर खाली सतरंजीचा जाड तुकडा टाका, टेबलही वाजतं.

शेवटचं, ह्या किटवर व्हीआयए नावाचं सॉफ्टवेअर चालतं. ब्राउझरमध्येच बटणं हवी तशी बदलता येतात आणि बदल कीबोर्डमध्येच साठतात, दुसऱ्या कॉम्प्युटरला लावला तरी तेच. एफएन आणि आकड्यांवर एफ-वन ते एफ-बारा टाकलेत, कॅप्सलॉकच्या जागी भाषा बदलायचं बटण. डिलीटला मात्र मी हात लावलेला नाही, वहिनींनी तशी ताकीद दिली आहे.